नावं भिंतीकडं करा

माझी नात पुण्याला शिकते. सुट्टीत पिंगळीला आली की दोन दिवस झोपते आणि तिसऱ्या दिवशी फोन मोठ्यानं लावून माझ्यापाशी शेंगा फोडत बसते. या खेपेला तिनं काय लावलं, तर एक पोरगा तालावर तावातावानं बोलायलाय. मी म्हटलं, "काय गं, हे गाणं हाय का भांडण?"

"आजी, याला हिपहॉप म्हणतात. यात गात नाहीत, बोलतात."

मग मी कान देऊन ऐकलं. तो पोरगा कुणाला तरी झाडत होता. दुसऱ्याच्या गाडीला टेकून फोटो काढतोस, उधारीचे बूट घालतोस, घरी आईला फोन करत नाहीस, आणि जगाला म्हणतोस मी मोठा. असलं सगळं. यमकाला यमक, दर चौथ्या ओळीला एक टोला, आणि शेवटी स्वतःचं नाव घेऊन मोकळा. मी शेंगा तशाच ठेवल्या. म्हटलं, "अगं, ही तर आमची कौसाबाई!"

नात हसून लोळली. "आजी, हे अमेरिकेतून आलंय."

"येऊ दे की. इमानात बसून आलं असंल. आमच्याकडं मात्र पायी आलं होतं, काखेत घागर घेऊन."

तिला सांगायला बसले आणि सांगता सांगता वाटलं, लिहूनच ठेवावं. मी शाळा पाहिली चौथीपर्यंत. पुढचं सगळं किराणाच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले. तेव्हा माझ्या लिहिण्यात कुठं पुडी फाटल्यासारखं वाटलं तर चालवून घ्या.

कौसाबाई माझ्याच वयाची. मी लग्न होऊन पिंगळीला आले तेव्हा ती दोन लेकरांची आई होती. गावाच्या त्या अंगाला, ओढ्यापलीकडं, तिची वस्ती. नवरा परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल आणि ती तिथंच आडतीवर धान्य पाखडायला. सकाळच्या पॅसेंजरनं पिंगळीच्या सात-आठ बाया मोंढ्यात जायच्या, त्यांची ही पुढारीण. अंगानं वाळकी, उंच, चालताना पुढं झुकलेली, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटात पितळेची जाड अंगठी. ती अंगठी म्हणजे तिचं वाजवायचं हत्यार. रेल्वेचं बाकडं, आडतीवरचं माप, आडाचं रहाट, जे समोर येईल ते ती वाजवायची. पण खरा तिचा जीव पितळी घागरीवर. लग्नातली घागर होती तिची, आणि अंगठीनं ठोकून ठोकून तिच्या पोटाला पोचे पडलेले.

ताल तिनं सुपावर उचलला होता. तुम्ही कुणी बाई पाखडताना ऐकलीय का? दोन हलके, तिसरा झटका. फट, फट, फटाक. त्या तिसऱ्या झटक्याला फोल पुढं उडतं आणि दाणा मागं राहतो. कौसाबाईचं सगळं बोलणं त्या तालावर. तिचा गळा काही गोड नव्हता, आणि ती गायचीही नाही. म्हणायची, "गाणं ज्याला येतंय त्यानं गावं, वैनी. मला पाखडता येतंय. फोल उडलं तर वाऱ्याला बोला, मला नगा बोलू."

आणि फोल त्या दिवसांत लय झालं होतं. गावात वीज आली, मागं मागं पैसा थोडा आला, आणि त्याच्या पुढं दिखावा आला. आमच्या गावच्या किराणावाल्या नारायणशेठनं घरावर टीव्हीची काडी लावली. ऊस तोडून उभा करावा एवढी उंच. टीव्ही मात्र आणला नाही. सात-आठ महिने नुसती काडी. जाणारा येणारा वर बघायचा आणि शेठ ओट्यावर बसून मान ताठ करायचे. एक दिवस आडावर पाण्याला गर्दी, शेठ समोरच दुकानात, आणि कौसाबाईनं घागर कमरेवरून खाली घेतली.

"घरावर काड्या, घरात न्हाई पेटी,
कावळ्यानं आणल्या पोरी-बेटी.
कावळा म्हणतो, शेठजी, लावा की चित्र,
आमी आणलंय सारं गणगोत-मित्र!"

वर बघतो तर खरंच काडीवर पाच-सहा कावळे ओळीनं बसलेले. बाया अशा हसल्या की दोघींचे दोर आडात गेले. शेठ दुकानातून बाहेर आले. आम्हाला वाटलं, आता हिची उधारी बंद. पण शेठ म्हणाले, "कौसे, शेवटाचं सांग की. शेवट गाळलास."

कारण तिचा शेवट ठरलेला असायचा. दुसऱ्याला झाडून झालं की घागरीवर एक मोठा टोला, आणि मग स्वतःवर:

"कौसा सांगती, मी काय सोन्याची?
गळ्यात माळ बी प्लास्टिकच्या दाण्याची!"

ती माळ तिनं जत्रेतून घेतली होती, पांढऱ्या खोट्या मोत्यांची, आणि ती तिला फार आवडायची. मोंढ्यातल्या धुळीत सुद्धा काढायची नाही. मी विचारलं एकदा, तू दुसऱ्याचा दिखावा काढतीस, मग ही माळ कशाला? तर म्हणाली, "माळ घालायला ना कुणाची न्हाई, वैनी. मोत्याची म्हणून सांगायला ना हाय."

नातीनं हे ऐकलं. मग फोनवर एक चित्र दाखवलं. तोच बोलणारा पोरगा, गळ्यात बैलाला शोभंल एवढी सोन्याची साखळी. म्हणाली, "आजी, याला तुझी कौसाबाई भेटायला पाहिजे होती."

शेठनं पुढच्याच महिन्यात टीव्ही आणला, आणि पहिल्या दिवशी वस्तीवर निरोप धाडला, कौसाला म्हणावं, कावळ्यांना घेऊन ये.

तिचे दोन नेम होते. एक, तोंडावर बोलायचं. "माघारी बोललं की चुगली होती." दुसरा, ज्याच्या घरी चूल पेटली नाही त्याच्यावर बोलायचं नाही. बाकी कुणाची गय नाही. माझ्या मालकांना सासऱ्यांचं जुनं घड्याळ मिळालं होतं. ते बंद होतं, पण मालक ते बांधून शेताला जायचे, आणि कुणी वेळ विचारली की आधी मनगटाकडं बघून मग उन्हाकडं बघून सांगायचे. कौसाबाईनं बांधावरून गाठलं, हातातलं खुरपं विळ्यावर वाजवत:

"मनगटी घड्याळ, घड्याळात दहा,
सकाळी पाहा, सांजला पाहा.
बैल म्हणतो, मालक, वर उन्हाकडं पाहा,
माज्या पोटात बारा, तुमच्या हातात दहा!"

मालक चार दिवस घुम्यासारखे बसले. पाचव्या दिवशी घड्याळ काढून खुंटीला लावलं आणि स्वतःच म्हणाले, "बैलाचं खरं हाय." मला ती दर वेळी चिडवायची, "वैनी, तुमी एवढं वाचता, एक ओळ तर जुळवा. तुमच्यात एक ओळ हाय, आत अडकलीय." मी जुळवायला जायची आणि माझं पहिलं यमक 'भाकरी'वर अडायचं. पुढं 'चाकरी'शिवाय काही सुचायचंच नाही.

आता माझ्या नणंदेचं, शकूचं लग्न. खरं सांगायचं ते हेच.

स्थळ पाथरीचं. नवरदेव कापडाच्या दुकानात कामाला, मुलगा चांगला, पण त्याच्या आईचं, गोदाबाईचं नाव ऐकूनच बाया पदर सावरायच्या. सातवी शिकलेली, तोंडानं फटकळ. आमचं घर दोन बैलांचं. सासूबाईंना एकच धास्ती, रुखवत कमी पडलं तर पोरीला जन्मभर ऐकावं लागंल. त्या वर्षी त्यांनी कुठल्याशा लग्नात एक्कावन्न स्टीलची भांडी मांडलेली पाहिली होती. झालं. आपल्याकडं भांडी सतरा. उरलेली चौतीस कुठून आणायची? सासूबाई म्हणाल्या, "गावाकडून. मांडायची, दाखवायची, अन् जीपमध्ये जागा न्हाई, मागून धाडतो म्हणायचं."

मीच फिरले दारोदार. कमलचा हंडा, बबनच्या आईची परात, धुरपाबाईचा तांब्या, कुणाचा डबा, कुणाचं ताट. कुणी नाही म्हणालं नाही. लेकीचं लग्न म्हटल्यावर कोण नाही म्हणतं? फक्त ओढ्यापलीकडं सासूबाईंनी मला धाडलं नाही. का, ते मी विचारलं नाही. काही वर्षांआधी औरंगाबादच्या विद्यापीठाला कुणाचं नाव द्यायचं यावरून गावोगाव घरं जळाली होती, माणसं एकमेकांशी बोलायची थांबली होती. आमच्या गावात जाळपोळ झाली नाही, एवढंच. बाकी ओढा होता तिथंच होता. कौसाबाईला निरोप मात्र पहिला गेला होता: विहीण तिखट हाय, रुखवताला तूच पाहिजेस. आमच्याकडं रुखवतापुढं दोन्हीकडच्या बाया एकमेकींना झाडतात, ती रीतच. म्हणजे बघा, कौसाची जीभ लग्नाला चालत होती.

भांडी मांडताना माझ्या ध्यानात आलं. सगळ्या स्टीलच्या भांड्यांवर नावं! परभणीच्या दुकानात भांडं घेतलं की दुकानदार मशीननं टिंब टिंब करून नाव घालून देतो ना, तशी. सौ. कमल, चि. बबन, सौ. धुरपा. मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून ही गोष्ट त्यांच्या डोक्यातच आली नव्हती. मग म्हणाल्या, "नावं भिंतीकडं करा."

मी एक्कावन्न भांड्यांची तोंडं भिंतीकडं फिरवली. शिक्षा झालेल्या पोरांसारखी ओळीनं उभी केली.

पाथरीची मंडळी दोन जीप घेऊन आली. दोन्हीला वर कॅरिअर. सासूबाईंचा जागा नाही म्हणायचा बेत तिथंच फसला. पुरुष जेवायला बसले, बाया रुखवत बघायला ओसरीवर आल्या. गोदाबाईनं सगळीकडं नजर फिरवली, मान हलवली, म्हणाली, "लय मांडलंय की. जागा बी लय हाय जीपमध्ये." आणि पुढं होऊन हंडा उचलला, वजन बघायला. हंडा हातात फिरला.

"सौ. कमल," तिनं मोठ्यानं वाचलं. "ही कमल कोण? आमी तर शकुंतला बघून गेलोत." खाली ठेवून परात उचलली. "अन् हा बबन कोण गं बाई? नवरीचा कोण लागतो?"

त्यांच्या बाया फुटल्या. गोदाबाईनं टाळीवर ताल धरला:

"रुखवत मांडलंय ओसरीभर,
नवरी एक अन् नावं शंभर!"

सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. शकू हळदीच्या अंगानं पाटावर बसलेली, तिची मान गुडघ्यात गेली. असल्या गोष्टीवरून मांडवातून वरात परत गेलेली आम्ही ऐकली होती. आणि परत नाही गेली तरी हे वाक्य त्या पोरीच्या ताटात रोज वाढलं गेलं असतं.

मी मांडवाच्या खांबाकडं धावले. तिथं कौसाबाई घागर मांडीवर घेऊन बसलेली. म्हटलं, "कौसाबाई, झाक गं काही तरी करून."

ती उठत म्हणाली, "मला झाकता येत न्हाई, वैनी. उघडता येतंय."

ती थेट ओसरीपुढं गेली आणि घागरीवर तीन टोले मारले. दोन हलके, तिसरा झटका.

"वाच, विहिणबाई, मोठ्यानं वाच,
चोरीचं न्हाई, मागून आणलंय, हे साच!
हंडा कमलचा, तिनं पोरीला न्हाऊ घातलं,
परात बबनच्या आईची, तिनं जेवू घातलं,
तांब्या धुरपाचा, तापात पाणी पाजलं,
एका लेकीपायी सारं गाव झिजलं!
भांडी आमची ऱ्हातील, पोर तुमी न्या,
फोल ठेवा मागं, दाणा पदरात घ्या!"

कुणी हसलं नाही. कमल तिथंच उभी होती, तिनं डोळ्याला पदर लावला. गोदाबाईच्या हातात परात तशीच. पण कौसाबाई थांबते कुठली? घागर डाव्या हातात घेतली आणि नवरदेवाकडच्या बायांपुढं गेली:

"आता तुमचं बघू, आणा उजेडात,
नवरदेव हरवलाय कोटाच्या आत!
बाही आली बोटावर, खांदा कोपरावर,
कोट कुणाच्या मापाचा, सांगा हात ठेवून उरावर!"

सगळ्यांच्या माना मांडवाकडं फिरल्या. नवरदेव पंगतीत बसलेला, आणि प्रत्येक घासाला आधी बाही मागं सारायचा, मग घास घ्यायचा. आता गोदाबाई हसली. हसली म्हणजे परात खाली ठेवून भिंतीला टेकून हसली. "अगं आमच्या थोरल्या जावयाचा हाय कोट! अन् एक जीप बी त्याचीच! तुला कुणी सांगितलं गं मेले?"

"बाहीनं सांगितलं," कौसाबाई म्हणाली.

मग जो हशा झाला तो पंगतीपर्यंत गेला. इथंच संपवलं असतं तरी सगळ्यांचं भागलं होतं. सासूबाईंनी सुटकेचा श्वास सोडला होता. पण कौसाबाई वळली आणि आमच्याकडं तोंड केलं. आवाज खाली आणला.

"एक्कावन्न भांडी, चौतीस दारं,
पायाखाली घातलं गाव सारं.
पस्तिसावं दार माजं, तिथं पाऊल न्हाई वळलं,
कौसाची जीभ चालती, भांडं न्हाई चाललं!"

आणि थांबली. सोन्याची न् दाण्याची ओळ तिनं त्या दिवशी म्हटली नाही. ओसरीवर एवढी शांतता की पंगतीतले वाढपे 'वरण, वरण' करत होते ते ऐकू येत होतं. मी खाली बघितलं. दारोदार फिरलेली मीच होते ना. सासूबाईंनी धाडलं नाही हे खरं, पण मला कुणी अडवलंही नव्हतं.

शकू उठली. मुहूर्ताच्या आधी नवरीनं पाटावरून उठू नये म्हणतात. ती उठून तशीच कौसाबाईपुढं गेली. "कौसाक्का, घागर दे."

"ही? हिला पोचे हायत, बाई. अन् नाव बी न्हाई हिच्यावर."

"पोच्यांवरून वळखू येती. दे."

कौसाबाईनं घागरीकडं बघितलं, शकूकडं बघितलं. मग अंगठीनं एकदा हळूच टिचकी मारली, जसं कुणी लेकराच्या गालाला मारतं, आणि दिली. शकूनं ती नेऊन सगळ्यांच्या पुढं मांडली. रुखवताच्या भांड्यांना सासूबाईंनी सकाळीच हळदकुंकू लावलेलं होतं. आता त्या ताटली हातात घेऊन उभ्या राहिल्या. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. मग वाकल्या आणि घागरीला दोन बोटं कुंकू लावलं. मनानं लावलं का चारचौघींच्या लाजेनं, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. लावलं, एवढं मी पाहिलं.

निघताना गोदाबाई म्हणाली, "भांडी ठेवा ज्याची त्याला. ही घागर तेवढी मी घेऊन जाणार." चार बाया उत्साहात म्हणाल्या, आमचं बी जाऊ द्या, पोरीला दिलं. कमल मात्र घाईघाईनं पुढं आली. "माजा हंडा नगा बाई नेऊ! न्हायला पाणी कशात तापवू?" आणि हंडा काखेत मारून ती वरातीच्या आधी घरी गेली.

त्या घागरीनं शकूचं पाथरीत काय भलं केलं ते सांगत बसत नाही. एवढंच, गोदाबाई शेजारणींना ती दाखवायची आणि म्हणायची, "ही आमच्या सुनेच्या माहेरची. हिनं आमचा कोट काढला." दिवाळसणाला शकू ती घागर ज्वारी भरून घेऊन आली, तर कौसाबाईनं ज्वारी ठेवून घेतली आणि घागर परत केली. "दिलेलं माघारी घेत नसत्यात. अन् मला आता डालड्याचा डबा चांगला बसलाय. आवाज बी मोठा, पोचा बी लवकर पडतो."

पुढं तिच्या थोरल्याला औरंगाबादला कंपनीत काम लागलं. नवऱ्याची पाठ गेली होती, मोंढा सुटला होता. विद्यापीठाला अखेर नाव मिळालं त्या वर्षी, थंडी सरता सरता, ती दोघं पोराकडं राहायला निघाली. मी पिंगळी स्टेशनवर गेले. जाताना भाकरी, ठेचा आणि भाजलेल्या शेंगा एका स्टीलच्या डब्यात भरून नेल्या. डबा नवा होता, आठ दिवसांआधी परभणीहून आणलेला.

गाडीत ती खिडकीशी बसली. पायाशी गाठोडं, गाठोड्याला बांधलेलं सूप. पॅसेंजर पाच मिनिटं थांबते, आणि त्यातली चार मिनिटं आम्ही दोघी काहीच बोललो नाही. ही कौसाबाई आणि ही मी, विश्वास बसणार नाही. मग मी डबा खिडकीतून दिला. तिनं तो फिरवला, टिंबांवरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं.

"काय लिवलंय?"

"तुजं नाव."

"पुरतं?"

"पुरतं. कौसाबाई."

ती बराच वेळ बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "वैनी, तुजी ओळ निघाली बघ." इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती मला तू म्हणाली.

शिट्टी झाली. गाडी हलली. मी दोन पावलं सोबत चालले, पुढं फलाट संपतो. वाकून बघितलं तर तिनं डबा खिडकीच्या गजाला लावून धरलेला, नाव बाहेरच्या अंगाला, आणि तोंड चाललेलं. काय म्हणत होती ते इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. गाडी वळणाला लागेपर्यंत अंगठीचा हात मात्र दिसत होता. दोन हलके, तिसरा झटका.